लांकूड आणि लोकमत
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

घराचें दार बसवावयाचें असलें किंवा मुलीच्या संसारासाठीं कपाट करावयाचें असलें, म्हणजे आपल्या घरांतून सुताराला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा कीं, "लांकूड सागवानीच आहे ना?" आणि त्याच घरांत सकाळीं वर्तमानपत्र वाचतांना कोठें वृक्षतोड झाल्याची बातमी दृष्टीस पडली, म्हणजे सारेजण हळहळतात व झाडावर कुऱ्हाड चालविणारांस दूषण देतात. या दोन्ही भावना प्रामाणिक आहेत. परंतु एक भावना ज्या झाडासाठीं हळहळते, त्याच झाडाचा दुसरी भावना आग्रह धरते, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. वनविद्या आणि लांकूडकाम यांत गेल्या शतकभरांत ज्या नव्या गोष्टी निघाल्या, त्यांच्याकडे आपला समाज कोणत्या नजरेनें पाहतो, आणि तसें पाहण्याचे परिणाम काय होतात, याचा थोडा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

आपले आजे-पणजे ज्या वाड्यांत राहत त्यांचें बहुतेक अंग लांकडाचें असे. खांब, तुळया, कडीपाट, जिने, कोनाड्यांच्या चौकटी, सारें लांकडी. घर किती मोठें हें सांगावयाचें तर खण मोजीत, आणि खण म्हणजे दोन तुळयांमधील जागा. लांकूड कोणत्या डोंगरावरून उतरलें, कोणीं तोडलें, कोणीं वाहिलें, हें घरधन्याला ठाऊक असे. त्या काळचा विवेक कसा होता याचा एक उत्तम दाखला रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत सांपडतो. आरमारासाठीं सागासारखें लांकूड लागेल तें राज्यांतील अरण्यांतून परवानगीनें तोडावें. आंबा-फणसाचीं झाडेंहि या कामाचीं खरीं, पण त्यांना हात लावूं देऊं नये, कारण तीं वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत आणि रयतेनें लेकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदींच जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल, तर मालकाला राजी करून व मोल देऊन तें घ्यावें, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. येथें तोडूं नका असा सरसकट निषेध नाहीं आणि हवें तें तोडा अशी मोकळीकहि नाहीं. झाड कोणतें, कोणाचें, किती वयाचें आणि धन्याची संमति आहे कीं नाहीं, हे चार प्रश्न त्यांत आहेत.

शहरांत राहावयास आल्यापासून हे प्रश्न आपल्याला सुचेनासे झाले. आपल्यापुढें लांकूड येतें तें वखारींत किंवा दुकानांत, कापून आणि रंधा मारून. त्याचा डोंगर दिसत नाहीं, शेत दिसत नाहीं, तोडणारा दिसत नाहीं. दिसतो तो केवळ तोंडावळा. म्हणून आपण तोंडावळ्यावरूनच पारख करूं लागलों, आणि 'अस्सल कीं नक्कल' एवढा एकच प्रश्न शिल्लक राहिला.

प्लायवुडचेंच उदाहरण घ्या. ओंडका यंत्रावर गरगर फिरवून, पेन्सिलीला टोक करतांना जशी पातळ साल निघते तसे त्याचे लांबच लांब पापुद्रे काढतात. नंतर एकाचे तंतु उभे तर दुसऱ्याचे आडवे अशा रीतीनें ते एकावर एक रचून, मध्यें चिकट द्रव्य घालून, उष्णतेनें व दाबानें एकजीव करतात. यांतील मर्म साधें आहे. लांकूड ओलाव्यानें फुगतें तें रुंदीच्या बाजूनें. लांबीच्या बाजूनें तें जवळजवळ फुगतच नाहीं. थर आडवे-उभे असले म्हणजे प्रत्येक थर शेजारच्या थराला आवरून धरतो, आणि फळी सहसा वांकत नाहीं, तडकत नाहीं. म्हणजे ही सागाची नक्कल नसून लांकडाच्या एका जन्मजात दोषावर काढलेला तोडगा आहे. पण आपल्याकडे ती घरोघर शिरली ती पुष्कळदां वर सागाचा पापुद्रा किंवा सागाच्या रेषांचें चित्र चिकटवून! विकणारालाच जर मालाचें खरें रूप दाखविण्याचा धीर नसेल, तर घेणाराला तो माल खोटा वाटावा यांत नवल काय?

ज्या प्रश्नाचें उत्तर तोंडावळा देत नाहीं तो प्रश्न असा कीं, हें लांकूड आलें कोठून? हरियाणांतील यमुनानगरच्या आसपास प्लायवुडचे पुष्कळ कारखाने आहेत, आणि त्यांना लागणारे पॉप्लर व निलगिरी यांचे ओंडके बहुतांशीं जंगलांतून नव्हे, शेतकऱ्यांच्या शेतांतून येतात. पॉप्लरचीं पानें हिवाळ्यांत झडतात, त्यामुळें ओळींच्या मध्यें गहूं घेतां येतो, आणि सहा-आठ वर्षांत झाड विकण्याजोगें होतें. उत्तम साग व्हावयाला मात्र आजोबांनीं लावावा आणि नातवानें तोडावा इतका काळ जातो. केरळांत निलंबूर येथें कोनोली या कलेक्टरानें चातू मेनन यांच्या साह्यानें १८४० च्या दशकांत सागाची लागवड केली. त्यांतील कांहीं झाडें आजहि उभीं आहेत. त्याच केरळांत रबराचीं झाडें पंचवीस-तीस वर्षांनीं चिकास निरुपयोगी होतात. पूर्वीं तीं जळणांत जात, कारण त्यांच्या लांकडांत पिष्टांश फार, त्यामुळें कीड व बुरशी लवकर लागे. टांकणखाराच्या जातीचीं द्रव्यें त्यांत मुरविण्याची व लांकूड भट्टींत वाळविण्याची रीत बसली, तेव्हां त्याच लांकडाच्या खुर्च्या व मेजें होऊं लागलीं. जें झाड कसेंहि तोडावेंच लागतें, त्याचें चुलीऐवजीं मेज झालें, हा फायदा कोणाचा? अर्थात् शेतकऱ्याचा आणि जंगलाचाहि. तरी 'रबराचें लांकूड' असें नांव घेतांच पुष्कळ घरांत नाक मुरडलें जातें.

आणि तोंडावळ्याविषयीं इतके सावध असणारे आपण नांवाला मात्र सहज भुलतों. १९९० च्या दशकांत सागाच्या लागवडीचे भाग विकणाऱ्या योजनांचें पेंव फुटलें होतें. आज थोडे पैसे भरा, वीस वर्षांनीं सागाचें झाड तुम्हांला श्रीमंत करील, अशा जाहिराती येत. झाड कोणत्या जमिनींत आहे, तेथें पाऊस किती, राखण कोण करतें, हें न विचारतां शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं आपली शिल्लक त्यांत घातली, आणि पुष्कळांची ती बुडाली. अखेर १९९९ सालीं सेबीला अशा सामूहिक गुंतवणुकीसाठीं नियम करावे लागले. प्लायवुडवर शंका घेणाऱ्या माणसाला सागाच्या नुसत्या नांवावर शंका घ्यावीशी वाटली नाहीं.

बांबूची कथाहि अशीच उद्बोधक आहे. लग्नाच्या मांडवापासून तिरडीपर्यंत बांबू आपल्या सोबतीला असतो. संस्कृतांत तर 'वंश' या एकाच शब्दाचा अर्थ कूळ असाहि होतो आणि वेळू असाहि होतो. तरी 'बांबूचें घर' म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें झोंपडीच उभी राहते. सरकारी समजूत तर त्याहून विलक्षण! बांबू हें वस्तुतः गवत; पण १९२७ च्या वनकायद्यानें त्याची गणना वृक्षांत केली. त्यामुळें अनेक ठिकाणीं शेतकऱ्याला आपल्याच बांधावरचा बांबू तोडून बाजारांत न्यावयाला परवान्यांची यातायात पडे. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरती ही व्याख्या बदलली ती २०१७ सालीं. जंगलांतील बांबूसाठीं तर गांवांना झगडावें लागलें. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला २००६ च्या वनाधिकार कायद्याखालीं २००९ सालीं सामूहिक हक्क मिळाले, तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला तो एप्रिल २०११ मध्यें. आतां बंगळूरच्या विमानतळाच्या दुसऱ्या इमारतींत छताला बांबूच्या पट्ट्या बसविल्या आहेत, आणि प्रवासी मान वर करून त्यांची वाखाणणी करतात. बुरुडाच्या हातीं असतां जो हलका, तोच विमानतळावर चढतांच प्रतिष्ठित झाला; बांबू मात्र होता तोच आहे.

लांकडाविषयींची सर्वांत जुनी धास्ती आगीची. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालीं जळाला. दगडी जोतीं व तटबंदी उरली आणि वरचे लांकडी महाल नाहींसे झाले. अशा आठवणी समाजाच्या मनांत खोल जाऊन बसतात. म्हणून नॉर्वे देशांत ब्रुमुनडाल येथें २०१९ सालीं सुमारें ८५ मीटर उंचीची अठरा मजली इमारत लांकडी सांगाड्यावर उभी राहिली असें सांगितलें, तर ऐकणारा पहिल्यानें हंसतो आणि मग घाबरतो. त्या इमारतीचे खांब व तुळया पुष्कळ फळ्या एकमेकींस चिकटवून केलेल्या, चांगल्या जाडजूड आहेत. काडी भराभर जळते, पण जाड तुळई तशी जळत नाहीं. तिचा पृष्ठभाग पेटला म्हणजे त्यावर कोळशाचा थर धरतो, आणि तो थर आंतल्या लांकडाचें उष्णतेपासून रक्षण करतो. जळण मिनिटाला पाऊण मिलिमीटरहूनहि कमी गतीनें आंत सरकतें, त्यामुळें तुळई किती वेळ भार पेलील याचा हिशेब आधींच मांडतां येतो. याचा अर्थ लांकडाला आगीचें भय नाहीं असा नव्हे. भय मोजतां येतें व त्याप्रमाणें बांधतां येतें, एवढाच आहे. पण ज्याची ही रीत समजावून देण्यांत आलीच नाहीं, त्या नागरिकानें शंका घेतली तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

कारण, श्रोतेहो, लोकांची शंका ही नेहमीं अज्ञानांतूनच निघते असें मुळींच नाहीं. तुमकुर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची गोष्ट पाहा. सामाजिक वनीकरणाच्या नांवाखालीं कर्नाटकांत निलगिरीची मोठी लागवड चालली होती. झाड झपाट्यानें वाढतें, कारखान्यांना हवें असतें, मग तक्रार कसली? पण शेतकऱ्यांनीं वेगळा हिशेब केला. विहिरीचें पाणी, गुरांचा चारा, मजुरांची रोजी आणि ताटांतील नाचणी यांचें काय होणार, असें त्यांनीं विचारलें. १९८३ सालीं ते सरकारी रोपवाटिकेवर चालून गेले, निलगिरीचीं रोपें उपटलीं आणि त्या जागीं चिंचेच्या व आंब्याच्या बिया लावल्या. त्यांचा राग झाडावर नव्हता; कोणतें झाड, कोणासाठीं, हा त्यांचा प्रश्न होता.

दुसरी गोष्ट एका खऱ्याखुऱ्या भारतीय शोधाची. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटि कामेशम् या शास्त्रज्ञानें १९३३ सालीं तांबें, क्रोमियम व सोमल यांच्या क्षारांचें असें मिश्रण सिद्ध केलें कीं, तें लांकडांत मुरल्यावर सहसा धुऊन जात नाहीं आणि वाळवी व बुरशी यांना दूर ठेवतें. साध्या लांकडाला दीर्घायुषी करणारें हें औषध पुढें जगभर पसरलें. विजेच्या खांबांपासून अंगणांतील सज्ज्यांपर्यंत आणि मुलांच्या झोपाळ्यांपर्यंत तें पोंचलें, आणि तेथेंच आईबापांनीं विचारलें कीं, ज्या लांकडाला आमचीं मुलें हात लावतात त्यांत सोमल कां असावा? अमेरिकेंत २००३ सालाच्या अखेरीस घरगुती वापराच्या बहुतेक लांकडासाठीं हें औषध वापरणें उत्पादकांनीं सोडून दिलें. शोध खोटा नव्हता. त्याची जागा चुकली होती, आणि ती लोकांच्या चौकशीमुळें सुधारली.

आतां या दोन्ही प्रकारच्या गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या. प्लायवुड, रबराचें लांकूड, बांबू यांना जेव्हां लोकांनीं रूपावरून, नांवावरून किंवा प्रतिष्ठेवरून तोललें, तेव्हां लोकमत फसलें. निलगिरी व सोमल यांच्या बाबतींत जेव्हां त्यांनीं परिणामांवरून तोललें, तेव्हां तज्ज्ञांनाहि त्यांच्यापासून शिकावें लागलें. तेव्हां प्रश्न लोकांनीं नव्याचा स्वीकार करावा कीं धिक्कार करावा हा नाहीं. कोणत्या मापानें मोजावें, हा आहे.

माप चुकलें म्हणजे सद्भावनाहि कशी वाट चुकते, तें आपल्याच देशांत दिसून आलें आहे. चिपको आंदोलनाचें नांव घेतांच झाडाला मिठी मारलेली स्त्री आपल्या डोळ्यांपुढें येते, आणि झाड कधींच तोडूं नये हाच त्याचा बोध होता असें आपण मानतों. पण १९७३ सालीं चमोली जिल्ह्यांत तें सुरू झालें तें अंगूच्या झाडांवरून. दशोली ग्राम स्वराज्य संघानें शेतीच्या अवजारांसाठीं तीं झाडें मागितलीं होतीं. तीं त्यांना नाकारून खेळाचें सामान करणाऱ्या, बाहेरच्या एका कंपनीला देण्यांत आलीं, म्हणून गांव उठलें. गांवकऱ्यांना लांकडाचा उपयोग नको नव्हता. न्याय हवा होता. शहरानें त्यांतून मिठी तेवढी उचलली आणि अवजार विसरलें.

पुढें सरकारी धोरणांतहि हीच छाया पडली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनें जंगलांवरील भार कमी व्हावा म्हणून लांकडाऐवजीं अन्य पदार्थ वापरण्यास उत्तेजन दिलें, आणि त्याचबरोबर कारखान्यांनीं आपला कच्चा माल शेतकऱ्यांशीं नातें जोडून मिळवावा असेंहि सांगितलें. यांतील पहिली गोष्ट लोकांना पटकन पटली, दुसरी मागें पडली. १९९३ सालीं केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यानें आपल्या इमारतींत लांकूड वापरण्यावर बंदी घातली. हेतु निःसंशय चांगला होता, परंतु ती बंदी जंगलांतील साग आणि बांधावरील झाड यांत भेद करीत नव्हती. लांकडाची जागा पोलाद, अॅल्युमिनियम व प्लास्टिक यांनीं घेतली. हे पदार्थ आकाशांतून पडत नाहींत. त्यांसाठीं खाणी खोदाव्या लागतात आणि भट्ट्या पेटवाव्या लागतात. नुसत्या सिमेंटच्या उत्पादनांतूनच जगांतील कर्बवायूपैकीं शेंकडा सुमारें सात-आठ भाग बाहेर पडतो. उलट, वाळलेल्या लांकडाच्या वजनाचा सुमारें अर्धा भाग झाडानें हवेंतून घेतलेल्या कर्बाचा असतो, आणि दार किंवा तुळई टिकेल तोंवर तो तेथेंच राहतो. २०२० सालीं ती बंदी उठली. मध्यें सत्तावीस वर्षें गेलीं, आणि तेवढ्या अवधींत शेतकऱ्याचीं पॉप्लरचीं तीन पिकें झालीं असतीं.

या साऱ्याचा आपल्या घराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध अगदीं जवळचा आहे. बांधावर झाड लावणारा शेतकरी सहा-आठ वर्षें भांडवल अडकवून बसतो, तें पुढें गिऱ्हाईक मिळेल या आशेवर. गिऱ्हाईक सागावांचून दुसरें लांकूड घेणारच नसेल तर तो झाड काढून टाकतो, आणि पुन्हां लावीत नाहीं. उलट, जुन्या जंगली सागाला आपण जितकी प्रतिष्ठा देऊं तितकी चोरट्या कुऱ्हाडीची मजुरी वाढते. जंगलाचें भवितव्य वनखात्याच्या कचेरींत ठरतें तितकेंच तें आपल्या दिवाणखान्यांतहि ठरतें.

म्हणून दुकानांत शिरतांना चार प्रश्न बरोबर न्यावे. पहिला, हें लांकूड कोठलें, जंगलांतलें कीं शेतांतलें, आणि त्याचा कागद आहे काय? दुसरा, जेथून तें आलें तेथें पुन्हां काय लावलें? तिसरा, यांत चिकट द्रव्य कोणतें आणि औषध कोणतें? प्लायवुडच्या पुष्कळ चिकट द्रव्यांतून फॉर्माल्डिहाइड नांवाचा वायु निघतो, आणि तो मनुष्याला कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००४ सालीं दिलेला आहे; म्हणून तो कमींत कमी सोडणारी फळीच मागावी आणि नव्या कपाटाच्या खोलींत हवा खेळती ठेवावी. चौथा, ही वस्तु किती वर्षें टिकेल, आणि मोडली तर दुरुस्त होईल काय? पांच वर्षांनीं उकिरड्यावर जाणारें मेज शेतांतल्या झाडाचें असलें तरी तें झाड फुकटच गेलें म्हणावयाचें. पाडलेल्या वाड्यांतून निघालेल्या जुन्या सागवानाला या चारहि प्रश्नांचीं बरींचशीं उत्तरें देतां येतात, हेंहि जातां जातां सांगतों. ज्याला सागच हवा त्यानें तो तेथें शोधावा.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. ओळींत लावलेलीं एकाच जातीचीं झाडें म्हणजे जंगल नव्हे. देवराईंत जें नांदतें तें पॉप्लरच्या शेतांत नांदत नाहीं. शेतांतल्या लांकडाचा पुरस्कार करावयाचा तो देवराई व अरण्यें यांना हात लागूं नये म्हणून. तीं तोडून त्यांच्या जागीं ओळी लावाव्या म्हणून नव्हे. झाडाविषयींची जी हळहळ वर्तमानपत्र वाचतांना आपल्या मनांत दाटून येते ती मोलाची आहे, आणि ती टिकलीच पाहिजे. ती वर्तमानपत्राबरोबर घडी घालून न ठेवतां वखारीपर्यंत नेली, तर सुताराला विचारावयाचा पहिला प्रश्न आपोआप बदलेल.